रेडिओ दुरुस्तीवाले लिओ फेंडर : सत्तर वर्षांनीही उघडता येणारा ॲम्प्लिफायर बनवणारा माणूस

देवास गेट (उज्जैन) : कुठल्याही गावात स्टँड आणि स्टेशनच्या आसपास दुरुस्तीची चार दुकानं असतातच. मिरजेत असो, बेळगावात असो की इथे उज्जैनच्या देवास गेटला. पूर्वी अशा दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर यायचे, आता मोबाइल येतात. गणपतीच्या आधी मात्र माळ्यावरची जुनी सामग्री बाहेर निघते आणि एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्याचा किंवा हौशी वादकाचा व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायरही टेबलावर येतो. वजनाला जड, वरचं कापड फाटलेलं, आत कोळ्यांची जाळी. जाणकार माणूस तो उघडतो, दोन-चार कंडेन्सर बदलतो, सुटलेले डाग नीट करतो आणि डबा पुन्हा बोलायला लागतो.

पन्नास-साठ वर्षांची वस्तू अशी परत चालू होते, त्यात दुरुस्ती करणाऱ्याचं कसब आहेच. पण ती वस्तू मुळात कुणी आणि कशी जोडली होती, यालाही तेवढंच महत्त्व आहे. जगात आज जे जुने गिटार ॲम्प्लिफायर जपले जातात, दुरुस्त होतात आणि मोठ्या किमतीला विकले जातात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांवर एकच नाव असतं, फेंडर. हे नाव ज्यांचं, ते क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर ऊर्फ लिओ फेंडर शिक्षणाने हिशेबनीस होते आणि धंद्याने रेडिओ दुरुस्तीवाले. गिटार त्यांना शेवटपर्यंत वाजवता आली नाही.

संत्र्याच्या मळ्यातला मुलगा

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये आईवडिलांचा संत्र्याचा मळा होता. घर अजून बांधून झालं नव्हतं, म्हणून मुलाचा जन्म मळ्यातल्या कोठारातच झाला. आठव्या वर्षी डोळ्यात गाठ झाली आणि डावा डोळा काढावा लागला. त्या जागी काचेचा डोळा बसवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्करात जावं लागलं नाही, ते या डोळ्यामुळेच.

तेरा वर्षांचा असताना त्याच्या एका नातेवाईकाने एक खोकं पाठवलं. या नातेवाईकाचं मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. खोक्यात जुने सुटे भाग आणि एक बॅटरी. पुढच्या वर्षी लिओ त्या दुकानात गेला, तेव्हा या नातेवाईकाने स्वतः जोडलेला रेडिओ दाराशी मोठ्या आवाजात वाजत होता. त्या आवाजाने पोराला जे वेड लावलं ते कायमचं. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करू लागला.

तरी कॉलेजात त्याने विषय घेतला तो हिशेबाचा. फुलर्टन ज्युनियर कॉलेजात अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही वर्ग त्याने केला नाही. ते सगळं पुस्तकं वाचून आणि हाताने उघडून-जोडून शिकलेलं. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांना ही गोष्ट जरा सुखावणारी आहे. जमाखर्च मांडता येणारा माणूस यंत्रात डोकं घालू शकत नाही, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं.

नोकरी गेली, दुकान आलं

शिक्षण झाल्यावर फेंडर यांनी बर्फ आणि शीतगृहाच्या एका कंपनीत काम केलं, आधी माल पोचवण्याचं आणि मग वह्या लिहिण्याचं. त्याच सुमारास एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची सामग्री मागितली आणि फेंडर यांनी असे सहा संच बनवून दिले. १९३४ मध्ये एस्थर यांच्याशी लग्न झालं. मग राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनीस, पुढे टायरच्या एका कंपनीत हिशेबनीस. महामंदीचे दिवस होते. कंपनीने अख्खा हिशेब विभागच बंद केला आणि फेंडर घरी बसले.

१९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन ते फुलर्टनला परतले आणि 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' नावाचं दुकान टाकलं. दुकान छोटं, पण त्यात सगळं होतं. रेडिओ दुरुस्ती, रेकॉर्डची विक्री, लाउडस्पीकर भाड्याने देणं. आपल्याकडच्या कुठल्याही मंडप-लाउडस्पीकरवाल्याला हा कारभार ओळखीचा वाटेल.

फेंडर घडले ते या दुकानात. गावातले वादक आपापले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे. ते इतर कंपन्यांचे असत. फेंडर ते उघडून बघायचे. कुठे ट्रान्सफॉर्मर नाजूक, कुठे तारांचा इतका गुंता की एक भाग काढायचा तर आधी दहा तारा सोडाव्या लागतात, कुठे डबाच इतका हलका की दोन कार्यक्रमांत खिळखिळा. कारखान्यातल्या माणसाला हे दिसत नाही. त्याच्या हातून माल एकदा बाहेर गेला की विषय संपला. दुरुस्तीवाल्याकडे मात्र तो माल परत येतो, तोही चिडलेल्या गिऱ्हाइकासकट.

पहिला माल : मांडीवरची गिटार

१९४५ मध्ये फेंडर यांनी डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर 'के अँड एफ' नावाने उत्पादन सुरू केलं. माल होता मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजवायची विजेची स्टील गिटार आणि तिच्यासोबतचा छोटा ॲम्प्लिफायर. आपल्याकडे हिलाच हवाईयन गिटार म्हणतात. व्हॅन शिप्ली यांच्या वादनातून ती आपल्या घराघरांत पोचली. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी घरांतही हवाईयन गिटारच्या शिकवण्या जोरात होत्या.

कॉफमन यांना कर्ज आणि विस्तार यांची धास्ती वाटली. १९४६ मध्ये ते बाहेर पडले. आपला वाटा त्यांनी एका छोट्या पंच प्रेसच्या बदल्यात सोडला, असं सांगतात. दोघांची मैत्री मात्र टिकली. फेंडर यांनी एकट्याने कारखाना पुढे नेला.

१९४६ पासून ॲम्प्लिफायर निघू लागले. आधी लाकडी कॅबिनेटचे, मग पिवळसर विणीचं कापड चिकटवलेले. या कापडामुळे त्यांना 'ट्वीड' म्हणतात. १९५० मध्ये भरीव लाकडाची विजेची गिटार बाजारात आली. तिचं आधीचं नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालाच्या नावाशी जुळत होतं, म्हणून बदलावं लागलं आणि १९५१ मध्ये ती 'टेलिकास्टर' झाली. त्याच वर्षी 'प्रिसिजन बेस' आली, १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर'.

गिटारमध्येही दुरुस्तीवाल्याचंच डोकं दिसतं. त्या काळी गिटारची मान सरसाने पक्की चिकटवलेली असायची. मान वाकली की कारागिराकडे महिनाभर वाद्य पडून. फेंडर यांनी मान चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर चार स्क्रू काढा, दुसरी लावा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला जा. जुन्या कारागिरांनी नाकं मुरडली. रोज वाजवून पोट भरणाऱ्याला मात्र ते लगेच पटलं.

डब्याच्या आत काय होतं

गिटारच्या तारेखालच्या चुंबकी पिकअपमधून येणारा विजेचा इशारा अगदी क्षीण असतो. ॲम्प्लिफायरमध्ये आधी छोटे व्हॉल्व्ह तो वाढवतात, मग मोठे व्हॉल्व्ह त्याला ताकद देतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून तो स्पीकरला जातो. सिद्धांत रेडिओचाच. फेंडर यांनी वेगळेपणा दाखवला तो मांडणीत.

चॅसीच्या आत एक जाड फायबरची पट्टी. तिच्यावर पितळी डोळ्यांच्या दोन रांगा. त्या डोळ्यांत रझिस्टन्स आणि कंडेन्सर ओळीने बसवून डाग दिलेले. कुठला भाग कुठे आहे, हे एका नजरेत कळतं. एक भाग काढायचा तर शेजारच्याला हात लावावा लागत नाही. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. त्यावर मॉडेलचं नाव आणि कुठल्या खाचेत कुठला व्हॉल्व्ह, हे छापलेलं. कार्यक्रमाच्या मध्यात व्हॉल्व्ह गेला तर स्वतः वादकही तो बदलू शकतो.

या कागदावर १९५१ पासून पुढे बरीच वर्षं दोन अक्षरांचा शिक्का मारलेला असायचा. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे १९५१, 'एफ' म्हणजे १९५६. 'एफ-ई' दिसलं की तो डबा मे १९५६ चा. व्हाउचरवर तारीख टाकायची सवय लागलेल्या माणसालाच हे सुचणार! काही डब्यांत चॅसीच्या आत टेपचा छोटा तुकडाही सापडतो. त्यावर जोडणी करणाऱ्या बाईचं पहिलं नाव हाताने लिहिलेलं, लिली किंवा लुपे. या कारखान्यात डाग देण्याच्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कुणाच्या हातचं काम आहे, हे सत्तर वर्षांनी उघडणाऱ्यालाही कळतं.

वाजवता येत नव्हतं, म्हणून ऐकत राहिले

फेंडर यांना स्वतःला वाजवता येत नसल्याचा एक फायदा झाला. आपल्याला चांगलं काय वाटतं, या फंदात ते पडले नाहीत. नवा नमुना तयार झाला की तो वादकांच्या हातात द्यायचा, रात्री कार्यक्रमाला जाऊन कोपऱ्यात उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

डिक डेल या तरुण वादकाचा किस्सा प्रसिद्ध आहे. तो इतक्या जोरात वाजवायचा की एकामागून एक स्पीकर फुटायचे. फेंडर दुरुस्त करून देत, तो परत फोडून आणत असे. शेवटी फेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रेडी टवारेस स्वतः त्याच्या कार्यक्रमाला गेले. हजारोंच्या गर्दीत उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोष पोराचा नाही, आपला डबाच कमी पडतोय. त्यातून मोठा ट्रान्सफॉर्मर आणि १५ इंची स्पीकर असलेलं 'शोमन' हे मॉडेल तयार झालं. गिऱ्हाइकाला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं, ते त्यांनी केलं नाही.

'बेसमन' हे त्यांचं आणखी एक मॉडेल. १९५९ च्या सुमाराचा, १० इंची चार स्पीकरचा बेसमन मूळ बेस गिटारसाठी होता, पण साध्या गिटारलाही तो फार शोभला. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल या दुकानदाराने अमेरिकन माल महाग पडतो म्हणून आपल्या माणसांकडून त्याच्याच आराखड्यावर पहिला 'मार्शल' ॲम्प्लिफायर बनवून घेतला. पुढे रॉक संगीताचा जो दणदणीत आवाज जगभर गेला, त्याची मुळं अशी फुलर्टनच्या दुरुस्तीच्या टेबलापर्यंत जातात.

विक्री, आणि विक्रीनंतर

पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून फेंडर यांना सायनसच्या जंतुसंसर्गाने छळलं. बरं वाटेना. आपले दिवस थोडे राहिलेत, अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी कंपनी विकायला काढली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टीव्हीच्या बड्या कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. याच सीबीएसने आदल्या वर्षी न्यूयॉर्क यांकीज या नामवंत बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता. ६०० डॉलर उसने घेऊन सुरू केलेल्या दुकानाची २७ वर्षांनी झालेली ही किंमत.

दैव असं की विक्रीनंतर डॉक्टर बदलला आणि नव्या डॉक्टरच्या औषधाने दुखणं बरं झालं. पण कंपनी हातची गेली होती. ते १९७० पर्यंत सल्लागार राहिले, नावापुरतेच. नव्या मालकांनी उत्पादन वाढवलं, खर्च वाचवला, काही आराखडे बदलले. वादकांना फरक जाणवला. तेव्हापासून 'सीबीएसच्या आधीचा' आणि 'सीबीएसनंतरचा' असे जुन्या मालाचे दोन भाव पडले ते आजतागायत. नंतरच्या रुपेरी पट्टीच्या काही ॲम्प्लिफायरचं सर्किट दुरुस्तीवाले आजही मुद्दाम आधीच्या काळ्या पट्टीच्या मॉडेलप्रमाणे परत फिरवून देतात. हिशेबनीस फेंडर यांनाही खर्च कमी ठेवायचा होताच. पण कुठला खर्च कापायचा आणि कुठला नाही, हे त्यांना दुरुस्तीच्या टेबलावर कळलेलं होतं. ते ताळेबंदात दिसत नाही.

१९८५ मध्ये सीबीएसने कंपनी तिथल्याच काही अधिकारी-कर्मचाऱ्यांना विकली आणि ती पुन्हा सावरली. दरम्यान फेंडर यांनी सत्तरच्या दशकात 'म्युझिक मॅन' आणि त्यानंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत 'जी अँड एल' या कंपन्यांत काम सुरू ठेवलं. १९७९ मध्ये एस्थर गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी फिलिस यांच्याशी लग्न केलं. कंपवाताने हात थरथरत होते तरी रोज कारखान्यात जाणं चुकलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी ते वारले. आदल्या दिवशीही ते कामावर होते. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव दाखल झालं.

आपल्याकडच्या जुन्या डब्यांचं काय?

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आपल्याला परका नाही. सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी बंगळूरुत व्हॉल्व्ह बनवायची. गिटार ॲम्प्लिफायरमध्ये सर्वत्र चालणारे ईसीसी८३ आणि ईएल८४ हे प्रकार त्यात होते. आज परदेशातले हौशी लोक हे भारतीय व्हॉल्व्ह शोधत असतात. आपल्याकडे मात्र जुन्या दुकानांतला असा माल बऱ्याचदा भंगारात किलोच्या भावाने जातो.

घरात किंवा मंडळाच्या खोलीत असा डबा असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अनेक वर्षं पडून असलेला डबा थेट प्लगला लावू नये. त्यातले फिल्टर कंडेन्सर वाळलेले असतात. घूं असा आवाज हे त्याचं लक्षण. तसाच चालवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि मूळ ट्रान्सफॉर्मर एकदा गेला की डब्याची निम्मी किंमत गेली. अमेरिकन मॉडेल ११०-११७ व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर लावायचं तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. जुनी दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची लावून घ्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात, प्लग काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. जीव जाऊ शकतो. कंडेन्सर रिकामे कसे करायचे हे ज्याला माहीत आहे त्यानेच झाकण उघडावं.

चांगला दुरुस्तीवाला मूळ ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर होता होईल तेवढे राखतो, वाळलेले कंडेन्सर बदलतो, काढलेले भाग पिशवीत घालून मालकाला परत देतो आणि काय बदललं ते लिहून ठेवतो. उद्या दुसरा कुणी तो डबा उघडेल, त्याला ते कळायला हवं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. वस्तू विकणाऱ्याने दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग गिऱ्हाइकाला मिळू द्यावेत, असा त्यामागचा विचार आहे. आज नवा ॲम्प्लिफायर उघडला की आत बहुतेक वेळा यंत्राने बसवलेले मोहरीएवढे भाग असलेला एकच बोर्ड दिसतो. तो बिघडला की उत्तर ठरलेलं : बोर्ड बदला, नाहीतर नवा घ्या. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि स्टँडजवळच्या दुकानातली विद्याही जाते. ती विद्या असलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखाली पोरं फारशी दिसत नाहीत. शिकायला कुणी आलंच, तर त्याच्यासमोर ठेवायला फेंडर यांच्या जुन्या मॉडेलसारखा धडा नाही, कारण त्यात काही लपवलेलं नाही.

फेंडर यांनी कॅबिनेटच्या आत कागद चिकटवला, तेव्हा आपला माल कधीतरी बिघडणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. माल विकताना हे कबूल करायला फार थोडे कारखानदार तयार असतात. ज्यांनी कबूल केलं, त्यांचे डबे अजून वाजताहेत.